गिरणगांव : आपल्या वस्तीचा इतिहास व स्वभाव



महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाचा इतिहास येणार, धर्मगुरूंचीं नांवें येणार, घंटा केव्हां आली व वेदी कोणीं दिली ह्याची हकीकत येणार, हें ठरलेलेंच आहे. आणि तें योग्यहि आहे. परंतु देऊळ ज्या वस्तींत उभें असतें त्या वस्तीची हकीकत मात्र अशा पुस्तकांतून सहसा लिहिली जात नाहीं. जणूं कांहीं देऊळ अधांतरींच असतें! संपादकमंडळानें मला “कांहीं तरी” लिहावयास सांगितलें तेव्हां मीं हा विषय मागून घेतला, तो ह्याच कारणास्तव.

ह्या विषयाकडे मला वळविलें तें आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांनीं. दाखल्यासाठीं लोक येतात, तेव्हां जुन्या वह्या काढाव्या लागतात. वहींत मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें, धर्ममायबापांचीं नांवें, ह्यांखेरीज आणखी दोन रकाने असतात : बापाचा धंदा आणि राहण्याचें ठिकाण. दाखला शोधणाऱ्याला ह्या दोन रकान्यांशीं कांहीं कर्तव्य नसतें. पण कोणी चार वह्या ओळीनें उघडून हेच दोन रकाने वरून खालीं वाचीत गेला, तर एका शहराचें सारें आयुष्य वाचल्यासारखें त्यास होईल. धंद्याच्या रकान्यांत पानेंच्या पानें गिरणीचींच. मध्येंच एखादा रेल्वे कारखान्यांतील फिटर, एखादा आचारी, एखादा बँडवाला, एखादा खलाशी. राहण्याच्या रकान्यांत चाळींचीं नांवें. पुढें पुढें पहिल्या रकान्यांतील गिरणी नाहींशी होते. आणि मग दुसऱ्या रकान्यांतील चाळहि.

गिरणगांव हें नांव सरकारी नकाशांत सांपडत नाहीं. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, भोईवाडा, काळाचौकी, शिवडी, नायगांव, डिलाईल रोड, प्रभादेवी, वरळी ह्या सर्वांस मिळून लोकांनीं आपल्या तोंडानें दिलेलें हें नांव आहे. गांव हा शब्द त्यांत आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लाखों माणसें एके ठिकाणीं कोंबलेलीं, तरी त्यांना ह्या जागेला शहर म्हणावेंसें वाटलें नाहीं.

गिरण्यांपूर्वीं येथें कांहींच नव्हतें, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. १९३१ सालीं परळास रस्त्याचें काम चाललें असतां जी भव्य शिवमूर्ति निघाली, ती सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींची आहे, असें जाणकार सांगतात. परळ, वरळी, माझगांव हीं मुंबईच्या सात बेटांपैकीं तीन बेटें. तेथें कोळी, भंडारी, आगरी व आपले मूळचे ख्रिस्ती लोक भातशेती करून, मासे मारून आणि माडाचें उत्पन्न घेऊन राहात. दादरचें साल्व्हासांव देऊळ १५९६ चें. माझगांवचें ग्लोरिया देऊळ १६३२ चें. तें जुनी जागा सोडून भायखळ्यास आजच्या इमारतींत आलें तें १९१३ सालीं. परळास पोर्तुगीज अमदानींत धर्मगुरूंचा मठ व देऊळ होतें. १७२० च्या सुमारास इंग्रज सरकारनें पोर्तुगीज धर्मगुरूंस मुंबईबाहेर घालविलें. परळची वास्तु सरकारच्या हातीं गेली, तेथें पुढें गव्हर्नरसाहेबांचा बंगला झाला, आणि ज्या ठिकाणीं मिस्सा होत असे तेथें मेजवान्या झडूं लागल्या. १८९९ सालीं त्याच वास्तूंत डॉ. हाफकिन ह्यांची प्लेगची लस तयार करण्याची प्रयोगशाळा आली, व ती संस्था आजहि तेथेंच आहे. देवळाची मेजवानीची बैठक झाली ह्याचें दुःख मानावें, कीं मेजवानीच्या बैठकींत अखेर रोग्यांच्या उपयोगाचें काम झालें ह्याचा संतोष मानावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. माझ्यापुरतें म्हणाल तर मीं दुसरें केव्हांच पत्करलें आहे.

आतां गिरण्यांकडे वळूं. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं निघाली. दुसऱ्याच वर्षीं कावसजी नानाभाई दावर ह्या पारशी गृहस्थांनीं सूत कातण्याची कंपनी काढली, आणि १८५६ सालीं ताडदेवास मुंबईंतील पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि आपल्याकडच्या कापसास सोन्याचा भाव येऊन मुंबईंत अलोट पैसा आला. युद्ध संपतांच पुष्कळांचें दिवाळें निघालें. तथापि जो पैसा टिकला त्यांतील बराच पुढें गिरण्यांत गुंतला. परळ-लालबागकडे जमीन मोकळी व स्वस्त, पाण्यास तलाव, मालास आगगाडी. एकोणिसावें शतक संपण्यापूर्वीं गिरण्यांची संख्या ऐंशींच्या आसपास गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मोठा कारखानाहि भायखळ्याहून परळास आला.

धुराडीं उभीं राहिलीं, पण सांच्यांवर माणसें कोठून आणावीं? तीं आलीं मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यांतून, आणि मग साताऱ्याकडून, पुण्याकडून, नगरकडून, पुढें उत्तर हिंदुस्थानांतून. कोंकणांत जमिनीचे तुकडे लहान, पीक चार महिन्यांचें, आणि सावकाराचें व्याज बारा महिन्यांचें. बोटींत बसून भाऊच्या धक्क्यास उतरावें, कोणा गांववाल्याचा पत्ता विचारीत लालबाग गांठावें, व मुकादमाच्या हातावर कांहीं ठेवून बदली म्हणून उभें राहावें, असा हा क्रम होता. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंतील दर शंभर माणसांपैकीं चौऱ्याऐंशीं माणसें मुंबईबाहेर जन्मलेलीं निघालीं. ह्या शहराचा मालक कोण, ह्यावर जे लोक हमरीतुमरीवर येतात, त्यांनीं हा आंकडा एकवार मनाशीं घोळवावा. बोटींच्या त्या प्रवासानें बळीहि घेतले; १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, तींत सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आमच्या चाळींतील म्हातारीं माणसें पुढें कित्येक वर्षें त्या दिवसाचें नांव काढलें कीं बोलावयाचीं थांबत.

ह्या लोकांनीं संसार मांडला तो कसा, हें आजच्या मुलांस सांगितलें तरी खरें वाटत नाहीं. एकाच गांवचे वीस-पंचवीस पुरुष मिळून एक खोली भाड्यानें घेत. दिवसपाळीचा उठला कीं त्याच्या जागीं रातपाळीचा आडवा होई. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी, आणि वळकटी ठेवण्यापुरती जागा, एवढीच काय ती इस्टेट. पावसाळा सोडला तर निजणें गॅलरींत, जिन्यांत, नाहीं तर रस्त्याच्या कडेला. कोनाड्यांत ग्रामदेवतेची तसबीर असे. गांवच्या देवळाचें छप्पर शाकारावयाचें असो कीं पालखीचा खर्च असो, वर्गणी ह्या खोलींत गोळा होई. कोणी आजारी पडला तर त्याला बोटींत बसवून देण्याचें काम खोलीचें. कोणी मेला तर त्याची माती करण्याचेंहि काम खोलीचेंच.

आतां हिच्या शेजारीं गोव्याच्या ख्रिस्ती मंडळीची कूड ठेवून पाहा. धोबीतलाव, माझगांव, भायखळा ह्या बाजूंस गांवागांवांच्या नांवानें ह्या कुडी होत्या, व त्यांपैकीं कांहीं आजहि आहेत. तेथेंहि तीच ट्रंक, तीच वळकटी. कोनाड्याऐवजीं वेदी, तिच्यावर गांवच्या आश्रयदात्या संताची मूर्ति, आणि रात्रीं ठरल्या वेळीं तेर्स. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशी तेथें राही, साहेबाकडची चाकरी सुटली कीं आचारी तेथें येई, लग्नाचे दिवस संपले कीं बँडवाला तेथेंच ट्रंकेंत कर्णा ठेवून बसे. गांवच्या फेस्ताची वर्गणी येथेंहि निघे. आपल्या मंडळींत पूर्वीं एक बोलण्याची चाल होती, आणि अजूनहि ती सर्वस्वीं गेली आहे असें नाहीं, कीं आपण त्या चाळकऱ्यांहून निराळे. मला वाटतें, असें म्हणणाऱ्यानें ह्या दोन खोल्या एकाच दिवशीं पाहिल्या नव्हत्या.

पहांटे भोंगा होई. प्रत्येक गिरणीचा भोंगा निराळा, आणि जाणत्या माणसास अंथरुणावरून आपला भोंगा कोणता तें कळे. घड्याळ फारसें कोणाकडे नव्हतें. वस्तीचें घड्याळ तें एवढेंच. आंत गेल्यावर कापसाच्या तंतूंनीं हवा पांढरी झालेली, सूत तुटूं नये म्हणून खिडक्या बंद व हवेंत मुद्दाम ओलावा सोडलेला, आणि मागांचा खडखडाट एवढा कीं विणकर एकमेकांशीं ओठांच्या हालचालीनें बोलत. पुष्कळांना उतारवयांत ऐकूं येईनासें होई, आणि खोकला तर जवळजवळ सर्वांनाच. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताचीहि सुटका राहिली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं चौदा-चौदा तास काम चाले. पुरुषांच्या कामाचे तास कायद्यानें बारा केले ते १९११ च्या कायद्यानें. अकरा झाले १९२२ सालीं, दहा १९३४ सालीं, आणि नऊ १९४८ सालीं. दर तासामागें दहा-बारा वर्षांचें भांडण आहे.

एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे, कारण ती न सांगणें म्हणजे ह्या वस्तीची उगाच स्तुति करणें होईल. विणकामाच्या खात्यांत पगार अधिक. पण त्या खात्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांस शिरकाव नसे. कारण असें दिलें जाई कीं धोट्यांतून सुताचें टोंक तोंडानें ओढून काढावें लागतें, आणि एकाच्या तोंडास लागलेला धोटा दुसऱ्यानें तोंडास कसा लावावा! डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत कित्येक वर्षें राहिले. हा अन्याय त्यांना वाचून समजलेला नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळीं त्यांनीं हा प्रश्न उघडपणें मांडला. एका ताटांत जेवणारे, एका संपांत उपाशी राहणारे लोक एका धोट्यावर मात्र अडले. आपल्या ख्रिस्ती समाजानें ह्यावरून दुसऱ्यास हंसूं नये. देवळांतील बांकांची व लग्नसंबंधांची आपली जुनी हकीकत ज्यांना माहीत आहे ते हंसणार नाहींतच.

आतां रविवारची गोष्ट. दर रविवारीं आपण मिस्सेला येतों. न येणाऱ्यांस मी व्यासपीठावरून बोलतोंहि. परंतु ह्या वस्तींतील कामकऱ्याला रविवार मिळाला कसा, हें आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल. गिरण्यांना आठवड्याची ठरलेली सुटी अशी नव्हतीच. सण येई तेव्हां बंद, एरवीं चालू. जोतीराव फुले ह्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं परळास सुपारीबागेंत कामगारांच्या सभा भरविल्या, आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढें ठेवला. मागण्या पाहा : आठवड्यांतून एक दिवस, रविवारीं, सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर अपघात झाल्यास कांहीं तरी भरपाई. ह्यांत एकहि मागणी चैनीची नाहीं. १८९० च्या एप्रिलांत सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली, तींत दोन स्त्रियांनीं उभें राहून भाषणें केलीं; आणि १० जून १८९० पासून गिरण्यांस रविवारची सुटी सुरू झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेंहि त्या मागणीमागें होतेंच. अशा रीतीनें आपला प्रभूचा दिवस ह्या वस्तीला खंडोबाच्या भक्तांनीं मिळवून दिला. पोप तेरावे लिओ ह्यांचें कामकऱ्यांच्या हक्कांविषयींचें ‘रेरुम नोव्हारुम’ हें परिपत्रक १५ मे १८९१ रोजीं निघालें, व त्यांतहि कामकऱ्याच्या विश्रांतीचा आग्रह आहे. पण तोंवर लालबागच्या कामकऱ्याच्या हातीं रविवार येऊन अकरा महिने झाले होते. सेमिनरींत आम्हांला तें परिपत्रक कलमवार शिकविलें. लोखंड्यांचें नांव मला कोणीं शिकविलें नाहीं. तें मीं पुढें आपलें आपण वाचलें, आणि मला थोडी लाज वाटली.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्लेगनें वारले. प्लेग मुंबईंत आला १८९६ च्या पावसाळ्याअखेर; मांडवीस रोग्यांना तपासून हा प्लेग आहे असें प्रथम उघडपणें सांगणारे वैद्य डॉ. आकासिओ व्हिएगस, हे गोव्याचे व आपल्या धर्माचे. तें निदान कोणास आवडलें नाहीं. पण तें खरें ठरलें. पुढें १९०६ सालीं ते म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले, व त्यांचा पुतळा धोबीतलावास आहे. शहरांतून निम्मे लोक पळाले. गिरण्यांस माणसें मिळेनात, तेव्हां नाक्यानाक्यावर उभें राहून रोजच्या रोज वाढती मजुरी बोलण्याची पाळी आली. त्या दिवसांत रस्त्यांच्या कडांस आपल्या लोकांनीं क्रूस उभारले. जुन्या मुंबईंत असे बरेच क्रूस अजून दिसतात. येतां जातां त्यांच्यापुढें मेणबत्ती लावणाऱ्या कित्येकांना ते कोणत्या भयांतून उभे राहिले तें ठाऊक नसतें. मेणबत्ती लावण्यांत ह्यामुळें कांहीं कमीपणा येत नाहीं, तरी ठाऊक असावें.

राजकारणाची हकीकत मी थोडक्यांत सांगतों, कारण ती इतरत्र पुष्कळ लिहिलेली आहे. १९०८ च्या जुलैंत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां गिरणी कामगारांनीं सहा दिवस संप केला. वर्षास एक दिवस, असा त्याचा हिशेब. १९२० सालीं अखिल भारतीय कामगार परिषद स्थापन झाली, तिचे अध्यक्ष लाला लजपतराय, आणि उपाध्यक्ष माझगांवच्या माथारपाखाडीचे बॅरिस्टर जोसेफ ‘काका’ बाप्तिस्ता. टिळकांचे हे निकटचे सहकारी पुढें मुंबईचे महापौर झाले. आपल्या समाजास काका असें सर्व जातिधर्मांच्या लोकांनीं ज्यास म्हणावें, असा माणूस पुन्हां मिळाला काय, हा प्रश्न मी येथें नुसता ठेवून देतों. १९२८ चा सार्वत्रिक संप जवळजवळ सहा महिने चालला. गिरण्यांत त्या काळीं दर पांच कामगारांत साधारण एक स्त्री असे. त्यांच्या बाळंतपणाच्या रजेस पगार देण्याचा मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ चा आहे.

लॉर्ड लॉइड गव्हर्नर असतां १९२० सालीं जें बांधकाम खातें निघालें त्यानें बी. डी. डी. चाळी उठविल्या : वरळी, नायगांव, डिलाईल रोड, शिवडी मिळून दोनशें सात इमारती, प्रत्येकींत ऐंशीं खोल्या, प्रत्येक खोली एकशें साठ चौरस फूट. एवढ्या जागेंत दहा-बारा माणसें राहात. जागा आंत नव्हती म्हणून सारें आयुष्य बाहेर आलें. अभ्यास दिव्याच्या खांबाखालीं, लग्न पटांगणांत, भांडण नळावर, व भांडणाचा निकाल गॅलरींत. भजनीमंडळें, नमन, दशावतार, कुस्तीचे आखाडे, कबड्डीचे संघ ह्याच पटांगणांतून निघाले. लालबागचा आज जगभर प्रसिद्ध असलेला गणपति १९३४ सालीं बसला तो कोळी व बाजारांतील विक्रेते ह्यांच्या, बाजारास कायमची जागा मिळावी, ह्या नवसापोटीं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख ह्यांच्यासारखे शाहीर ह्या वस्तींत गाजले. कवि नारायण सुर्वे एका गिरणी कामगारानें उचलून वाढविलेलें मूल. आणि खाणावळी! नवरा मागें पडलेल्या, वारलेल्या, किंवा पगार पुरत नसलेल्या बायका एका चुलीवर वीस-वीस माणसांचें जेवण रांधीत, आणि पगाराच्या दिवशीं हिशेब करीत. संपाच्या दिवसांत त्या उधारीनें जेवूं घालीत. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं पुढाऱ्यांच्या भाषणांवर जितकीं पानें खर्चिलीं आहेत त्यांच्या दशांशहि ह्या बायकांवर खर्चिलीं नाहींत. १९७५ सालीं प्रेमा पुरव ह्या गोवा-मुक्तीच्या लढ्यांतील बाईंनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांस बँकेचें कर्ज मिळण्याची सोय केली, तेव्हां कोठें त्यांचा सावकार सुटला.

१८ जानेवारी १९८२ ह्या दिवसाविषयीं मला तिऱ्हाइतासारखें लिहितां येणार नाहीं. मी त्या वेळीं शाळेंत जाणारा मुलगा होतों, आणि वडील एका गिरणींत रिंगखात्यांत होते. १९४६ च्या कायद्यानें एका धंद्यांत एकाच मान्यताप्राप्त संघटनेस वाटाघाटी करतां येत. कामगारांचा त्या संघटनेवरील विश्वास उडाला होता, आणि ते डॉ. दत्ता सामंत ह्यांच्याकडे गेले. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्हांला वाटलें, दिवाळीपूर्वीं मिटेल. पहिल्या महिन्यांत चाळींत एक प्रकारचा उत्साह होता. पुरुष दिवसा घरीं दिसूं लागले हीच मुलांना मौज. मग भांडीं गहाण गेलीं. मग खोल्यांना कुलपें दिसूं लागलीं. लोक गांवीं गेले. आईनें दोन घरचा स्वयंपाक धरला. त्या वेळचे आमचे फादर देवळाच्या मागल्या दारानें धान्य देत, आणि तें मागल्या दारानेंच देत, कारण पुढल्या दारानें घेण्यास आमचे वडील गेले नसते. हें फादरांना सांगावें लागलें नव्हतें. मी ज्या अनेक कारणांनीं धर्मगुरू झालों त्यांत तें मागलें दारहि आहे.

तो संप कोणीं रीतसर मागें घेतलाच नाहीं. तो विरून गेला. १९८३ सालीं सरकारनें तेरा गिरण्या ताब्यांत घेतल्या. कांहीं गिरण्या अर्ध्या माणसांवर चालूं झाल्या. कापड भिवंडी-मालेगांवच्या यंत्रमागांवर अगोदरच जाऊं लागलें होतें. दोष मालकांचा, पुढाऱ्यांचा, सरकारचा कीं काळाचा, ह्यावर मीं सर्व बाजूंचें ऐकलें आहे. माझें मत असें कीं गिरण्या मोडकळीस आल्या होत्या हें खरें, पण त्या जमिनीची किंमत कापडाच्या किंमतीहून फार वाढली होती हें अधिक खरें. १९९१ च्या नियमांत ह्या जमिनीचे तीन वांटे ठरले : एक मोकळ्या मैदानांस, एक घरांस, एक मालकांस. २००१ सालीं नियम बदलून वांटणी फक्त मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली, आणि २००६ च्या मार्चांत सर्वोच्च न्यायालयानें तो बदल कायम केला. मैदानें व घरें ह्यांच्या वांट्यास मग जें आलें तें आपण रोज पाहतों. वडिलांना कामावरून काढल्याचें पत्र कधीं आलें नाहीं, आणि त्यांनींहि राजीनामा दिला नाहीं. गिरणीच्या फाटकाचा पास ते वारले तेव्हां ट्रंकेंत होता.

पुढें जेथें माग होते तेथें दुकानें आलीं, कचेऱ्या आल्या, ज्यांच्या माथ्याकडे पाहतांना टोपी पडावी अशा इमारती आल्या. नोकऱ्याहि आल्या, पण त्या बहुतेक दुसऱ्यांच्या मुलांना. आमच्या मुलांस पहारेकऱ्याचा पोशाख मिळाला. नव्या कचेऱ्यांकडे लाखों माणसें जुन्याच पुलांवरून जाऊं लागलीं, आणि २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळीं एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसें मेलीं. स्टेशनाचें नांव पुढल्या वर्षीं प्रभादेवी झालें. गिरणी कामगारांच्या घरांसाठीं दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ पासून सोडती निघाल्या, आणि घरें मिळालेल्यांहून वाट पाहणारे कितीतरी अधिक आहेत. बी. डी. डी. चाळींच्या जागीं नव्या इमारती होत आहेत. वरळीच्या पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टांत पांचशें चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशें साठ फुटांत जन्म काढलेल्या म्हातारीनें स्वतःची मोरी पाहून डोळ्यांस पदर लावला, तर तिला चाळीचें प्रेम शिकवावयास आपण जाऊं नये.

परंतु मिस्सेनंतर आपल्या देवळाच्या आवारांत उभें राहून पाहिलें तर निम्मी मंडळी दूरची असते. विरार, नालासोपारा, डोंबिवली, कल्याण येथून, दोन-दोन गाड्या बदलून लोक येतात. त्यांच्या घराजवळ देवळें आहेत, व तेथील धर्मगुरूंनीं मला एकदोनदां मैत्रीनें टोंचलेंहि आहे, कीं तुमचे लोक आमच्या हद्दींत राहतात आणि तुमच्याकडे येतात. खरें आहे. नियमानें ते आतां आपले नाहींत.

गेल्या नाताळानंतर असेंच एक कुटुंब विरारहून बाळाच्या बाप्तिस्म्यास आलें. त्यांच्या धर्मगुरूंची परवानगी त्यांनीं रीतसर आणली होती. वही उघडून मीं बापास विचारलें, राहण्याचें ठिकाण काय लिहूं? त्यानें झटकन लालबागच्या चाळीचें नांव सांगितलें, आणि मग स्वतःच थांबला. ती चाळ पाडून कित्येक वर्षें झालीं आहेत. शेजारीं त्याची आई उभी होती, ती म्हणाली, “फादर, तेंच लिहा.” वहींत खोटें लिहितां येत नाहीं. रकान्यांत मीं विरारचा पत्ता लिहिला. आणि पुढें शेऱ्याची जी जागा असते तेथें चाळीचें नांव व खोलीचा नंबर लिहून, त्याच्या आजोबांचा धंदाहि लिहिला.